सावड फिटेपर्यंत

आमच्या प्रयोगशाळेत रोजची पहिली तपासणी पाण्याची असते. कॅन्सरच्या गाठींमधून काढलेल्या डीएनएच्या नळ्या रांगेने मशीनमध्ये लावायच्या आणि त्याच रांगेत एक नळी नुसत्या शुद्ध पाण्याची ठेवायची. इतर नळ्यांत घातलेली सगळी रसायनं तिच्यातही घालायची, फक्त माणसाचं काही घालायचं नाही. मशीन थांबलं की आधी ती बघायची. तिच्यात काहीही दिसता कामा नये. दिसलंच, तर कुणाचा तरी डीएनए कुठून तरी भलतीकडे शिंपडला गेला आहे असा अर्थ होतो, आणि मग ती सगळी रांग फेकून द्यावी लागते, तिच्यात कितीही घाईचे रुग्ण असोत. निकाल काढणारी माणसं वेगळी आहेत. त्यांनी काढलेला निकाल विश्वास ठेवण्याच्या लायकीचा आहे की नाही, हे बघणं माझं काम.

हे काम मला चटकन जमलं, त्याचं कारण घरात आहे. वडील कारखान्यात होते आणि कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. मी अक्षरं त्यांच्यावर गिरवली, पाठकोऱ्या बाजूवर गणितं सोडवली, शाळेत चपाती त्यांच्यात गुंडाळून नेली. 'कामगार बंधू-भगिनींनो' हे मला 'एक होता राजा'च्या आधी पाठ झालं होतं. पत्रक छापायला टाकायच्या आधी वडील ते आईला मोठ्याने वाचून दाखवत. आई मेथी निवडता निवडता मधेच विचारायची, "हे तुम्ही पाह्यलंय का ऐकलंय?" ऐकलेलं असेल तर ते वाक्य जायचं. वडील चिडायचे, "अगं, सगळ्यांना माहीत आहे ते!" आई म्हणायची, "मग सगळ्यांना सांगता कशाला?" मी नोकरीला लागले तेव्हा क्वालिटी कंट्रोल म्हणजे काय, यावर आम्हाला दोन दिवस भाषण दिलं. मला तेवढ्याची गरज नव्हती.

घर लोणावळ्याजवळ, मळवलीला. मी नोकरीसाठी त्याच लोकलच्या मार्गावर बेगडेवाडीला खोली घेतली, म्हणजे शेअर रिक्षाने प्रयोगशाळा जवळ पडते. घरी जायचं रविवारी, तेही जमलं तर. भातलावणी नुकतीच संपली होती तेव्हाची ही गोष्ट. दुपारी गेटवरून वॉचमनचा फोन आला.

"मॅडम, एक बाबा आलेत. बरणी घेऊन बसलेत. देत नाहीत कुणाला. तुमच्याच हातात देणार म्हणतात."

मी खाली गेले. शेजारचे भाऊ होते. आमच्या दोन घरांमध्ये गुडघाभर उंचीचा बांध आहे, आणि त्या बांधाच्या पलीकडे मी निम्मं लहानपण काढलं आहे. भाऊंची बायको ही आमची मावशी. नात्याची नाही, पण आई आजारी असली की माझी वेणी तीच घालायची. भाऊ मुंबईच्या एका मालकाचा बंगला सांभाळतात: हिरवळ कापायची, पोहण्याचा हौद भरायचा, शनिवारी पाहुण्यांची गाडी आली की गेट उघडायचं. स्वतःचं थोडं भातशेत आहे. मावशी पाहुण्यांना स्वयंपाक करून देते. तिच्या घरी कधीचा गॅस आहे. पण पाहुण्यांना चुलीवरचं जेवण हवं असतं, म्हणून बंगल्याच्या मागे पत्र्याच्या आडोशाला ती दर शनिवार-रविवारी चूल पेटवून भाकऱ्या थापायची आणि पाहुणे तिचे फोटो काढायचे. तिला फुप्फुसाचा कॅन्सर त्या धुराने झाला असं मी लिहिणार नाही, कारण ते मी सिद्ध केलेलं नाही. तिने आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही आणि ती वर्षानुवर्षं लोकांच्या हौसेसाठी धुरात बसली, एवढंच मी पाहिलेलं आहे आणि तेवढंच लिहिते.

मला घरून फोनवर इतकंच कळलं होतं की मावशीच्या छातीत पाणी झालंय आणि ते काढलंय. पुढचं भाऊंकडून त्या दिवशी कळलं. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती, पिशवीत प्लास्टिकची बरणी, बरणीत औषध, आणि तळाशी शेवयांच्या चुऱ्यासारखे तीन-चार पांढुरके तुकडे. सुई घालून मावशीच्या फुप्फुसातून काढलेले.

"भाऊ, हे कधी काढलं?"

"रोपं वितीएवडी झालती बग, तवा."

म्हणजे लावणी सुरू व्हायच्याही आधी. "आणि आज आणताय?"

"सावड व्हती ना गं."

ते असं म्हणाले की जणू पुढे काही सांगायची गरजच नाही. आणि आमच्याकडच्या माणसाला नसतेच. भाताची लावणी एकट्या घराने होत नाही. चार-पाच घरं मिळून एकेकाचं शेत लावतात. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुझ्या. माझ्या खाचरात तुमची दोन माणसं वाकली, तर तुमच्या खाचरात माझी दोन माणसं वाकलीच पाहिजेत. याला सावड म्हणतात. तिथे मजुरी नसते, दिवसाला दिवस असतो. त्या वर्षी भाऊंचं शेत सगळ्यांत आधी लागलं होतं, मावशीचं दुखणं बघून लोकांनीच त्यांना पहिला नंबर दिला होता. आता फेड करायची तर मावशी चिखलात उभी राहू शकत नव्हती. म्हणून भाऊ आपली पाळी उरकून पुन्हा तिच्या पाळीला उभे राहत होते. शेवटच्या घराचं शेवटचं खाचर लावून झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते बरणी घेऊन निघाले.

"लोकांनी म्हनलं आसतं की जा, ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. भाऊंशी बोलताना माझी भाषाही त्यांच्या अंगणात जाते.

"म्हनत व्हते की! पन मावशी तुजी आयकती व्हय? म्हनली, आदी लोकांचं फेडा. तुकडा काय पळून चाललाय?" मग त्यांनी बरणी उजेडात धरून मला दाखवली. "आन औशिदात हाय की गं. तितल्या मानसानं सांगितलं, औशिदातनं काडू नका, झाकन उगडू नका. देवाशपत उगडलं न्हाई. पोरासोरांचा हात नगं म्हनून गोठ्यात आढ्याला टांगली व्हती. लोनच्यावानी, मुरंल तेवडं बरं."

त्यांच्या तोंडावर काम नीट पार पाडलेल्या माणसाचं समाधान होतं. मी बरणी घेतली आणि त्यांना कँटीनमध्ये चहा पाजून गाडीला लावून दिलं. त्या वेळी मी त्यांना काही सांगितलं नाही.

जे सांगितलं नाही ते असं. बरणीतलं औषध म्हणजे फॉर्मॅलिन. त्याने मांस सडत नाही, पेशींचा आकार जसाच्या तसा राहतो. मायक्रोस्कोपखाली डॉक्टर बघतात तो आकार, आणि त्यासाठी फॉर्मॅलिनसारखं दुसरं काही नाही. पण आम्हाला आकार नको असतो, आम्हाला पेशीच्या आतलं लिखाण वाचायचं असतं, म्हणजे डीएनए. आणि ते लिखाण फॉर्मॅलिनमध्ये दिवसेंदिवस तुटत जातं. एक-दोन दिवस चालतं. त्यापुढे प्रत्येक दिवस नुकसानीचा. पावसात भिजलेलं पत्रक सोलून काढायला जावं आणि हातात 'बंधू', 'मागण्या', 'उद्या' असे सुटे तुकडे यावेत, तसं. शब्द ओळखू येतात, मजकूर लागत नाही. लोणचं मुरतं, डीएनए मुरत नाही. आणि झाकण न उघडता, सांगितलेला एकही शब्द न मोडता, भाऊंनी ते सगळी लावणी होईपर्यंत त्यात ठेवलं होतं. बरणीवर मावशीचं नाव होतं, वय होतं, 'डावं फुप्फुस' असं होतं. कधीपर्यंत पोचवायची, हे कुठेही नव्हतं.

आणि वाचायचं होतं ते फार काही नव्हतं. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये काही जणांच्या गाठीतल्या डीएनएमध्ये एक ठराविक बदल झालेला असतो. कधीही तंबाखू न घेतलेल्या बायकांमध्ये तो पुष्कळदा सापडतो. तो असला तर रोजची एक गोळी मिळते. त्या गोळीने आजार जात नाही, पण माणूस उठून बसतो, जेवतो, काही काळ घरात माणसासारखा वावरतो. बदल नसला तर ती गोळी निरुपयोगी, मग उरते केमो. डॉक्टरांनी मावशीच्या कागदावर लिहिलं होतं की केमो तिला झेपेल असं वाटत नाही. तेव्हा मावशीच्या बाबतीत सगळं त्या शेवयांच्या चुऱ्यावर येऊन थांबलं होतं.

मी बरणी आमच्या प्रमुख मॅडमकडे नेली आणि सांगितलं, "ही माझ्या ओळखीची आहे." आमच्याकडे नियम आहे, ओळखीच्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही. मॅडमनी तो माझ्या सहकारिणीला दिला. ही लोणावळ्याहून येते, तोंडाने फटकळ आणि हाताने स्वच्छ. तुकडे मेणात बसवून ठोकळा तयार झाला, त्याचे पातळ काप काचेवर चढले, डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली बघून कॅन्सरचा भाग पेनाने गोल करून दिला. वर लिहिलं, पेशी उत्तम दिसताहेत. फॉर्मॅलिनने आपलं काम चोख केलं होतं.

मग तिने त्या गोलातला भाग खरवडून डीएनए काढला, मोजला, आणि तिथूनच मला हाक मारली.

"कीस झालाय गं याचा. उपवासाचा बटाट्याचा कीस."

"लाव तरी."

"लावतेच आहे. हात जोडून लावते."

तिने लावला. नियम पाळून मी मशीनला हात लावला नाही, पण मागे उभी राहिले. पाण्याची नळी स्वच्छ होती. मावशीच्या नळीत बराच वेळ काही नव्हतं, आणि मग शेवटी शेवटी, आम्ही ज्या बदलाची वाट बघत होतो त्याच्या जागी, पडद्यावर एक रेघ तळातून वर उठली. किंचित.

"आहे!" सहकारिणी जवळजवळ ओरडली. "आहे बघ. बारीक आहे, पण आहे."

"उशिरा उठलीय."

"उशिरा उठली म्हणून काय मेली का? तू पण रविवारी उशिराच उठतेस."

"फॉर्मॅलिनने अशा खोट्या रेघा उठतात. तुला माहीत आहे ते."

तिने खुर्ची माझ्याकडे फिरवली. "मला माहीत आहे. तुझी ती मावशी आहे ना? मग तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस?"

मी तिच्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, नियमाबद्दल काहीतरी असणार. जे माझ्या मनात चाललं होतं ते ती मोठ्याने बोलली होती, म्हणून मला राग आला. फॉर्मॅलिनमध्ये फार दिवस राहिलेल्या डीएनएमध्ये अक्षरं नुसती तुटत नाहीत, एखादं अक्षर बदलूनही जातं, आणि ते बदललेलं अक्षर कॅन्सरनेच बदलल्यासारखं दिसतं. म्हणून आमच्याकडे अशी बारीक रेघ एकदा उठून चालत नाही. पुन्हा नव्याने खरवडून पुन्हा उठावी लागते. त्याला वेगळे काप लागतात आणि ठोकळ्यात मांस होतं जेमतेम. आवाज ऐकून मॅडम आत आल्या होत्या आणि दोघींचं ऐकून घेत होत्या. त्यांनी मला विचारलं, "हीच रेघ अनोळखी माणसाची असती तर?"

"पुन्हा लावा म्हटलं असतं."

"मग पुन्हा लावा."

दुसऱ्या वेळी त्या जागी काही उठलं नाही. तिसऱ्या वेळी रेघ उठली ती भलत्याच जागी, एकाच गाठीत पहिल्या बदलाबरोबर सहसा नसतोच अशा बदलाच्या जागी. आणि प्रत्येक माणसाच्या डीएनएमध्ये जी खूण उठायलाच हवी, नमुना वाचण्याजोगा आहे हे जिच्यावरून कळतं, ती तिन्ही वेळा धड उठली नाही. म्हणजे पहिली रेघ खरी म्हणता येत नव्हती आणि दुसऱ्या वेळचं 'नाही' हे सुद्धा खरं म्हणता येत नव्हतं. ठोकळ्यात आता मेणच उरलं होतं. सहकारिणीने हातमोजे काढले आणि इतकंच म्हणाली, "सॉरी गं." मावशीच्या रिपोर्टवर मॅडमनी लिहिलं: नमुना तपासणीस अपात्र, निष्कर्ष काढता येत नाही.

खोटं 'आहे' लिहायचं नाही आणि खोटं 'नाही' लिहायचं नाही, हे मला लहानपणापासून येत होतं. पण पत्रकातलं वाक्य खोडलं की खाली दुसरं वाक्य असायचं. इथे खोडल्यावर खाली काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या डॉक्टरांचा फोन आला. मॅडम नव्हत्या, मी घेतला.

"अहो, अपात्र काय लिहिता? थोडंफार काही दिसलं असेल की."

"जे दिसलं त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, सर."

"म्हणजे दिसलं होतं. मग हो म्हणून लिहा, मी गोळी चालू करतो. लागू पडली तर पडली."

"आणि नाही पडली तर? तेवढ्या दिवसांत दुसरं काहीच होणार नाही."

"तुम्ही लोक काचेतून बघता. मला समोर तोंडं बघावी लागतात."

"मग त्या तोंडांना बरणी कधीपर्यंत पोचवायची ते कुणी सांगितलं होतं का? एवढंच सांगितलं, झाकण उघडू नका. त्यांनी नाही उघडलं!"

ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "इथे एक सिस्टर चाळीस माणसांना पुरी पडत नाही हो. तुम्ही पुन्हा नमुना पाठवा म्हणालात तर कुठून आणू? सुई घातली तर फुप्फुस बसेल. आता तिला धड आडवंही होता येत नाही." त्यांनी फोन ठेवला. मला भांडायला दुष्ट माणूस हवा होता आणि तो मिळत नव्हता. याचा मला आजही संताप येतो. सगळ्या साखळीत एकही माणूस हरामखोर नसावा आणि शेवटी हेच व्हावं!

मग मी मला जे येतं ते केलं. एक चिठ्ठी लिहिली. बरणीवर चिकटवता येईल एवढी, ठळक अक्षरात: 'ही बरणी आज किंवा उद्याच पोचवा. औषधात जास्त दिवस राहिली तर तपासणी होत नाही.' आई फोनवर म्हणाली, "हे बरोबर आहे. हे वाचून माणूस निघेल." ऑफिसला दाखवली तर ते म्हणाले, मजकूर वरून मंजूर होऊन यायला हवा. तो अजून वरच आहे. मी स्वतःच छापून घेतल्या आणि सुट्टीच्या दिवशी लोणावळा, कामशेत, तळेगाव, पवनानगर असं फिरून दवाखान्यांत वाटल्या. वडिलांनी आयुष्यभर पत्रकं वाटली तशाच वाटल्या, हातात देऊन, नजरेला नजर देऊन. एका ठिकाणी ती औषध कंपनीच्या कॅलेंडरखाली भिंतीवर गेली. एका ठिकाणी सिस्टरने गठ्ठा टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातला, आणि मी बघतेय म्हटल्यावर जीभ चावली. आणि एका ठिकाणी ती खरंच बरणीवर लागली. ती बरणी वेळेत पोचली, काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी. फक्त चिठ्ठी बरोबर रुग्णाच्या नावावर चिकटवली होती. सोडवायला गेलो तर नाव चिठ्ठीबरोबर निघून आलं, आणि बिननावाचा नमुना आम्ही घेत नाही. तो मीच परत पाठवला.

सहकारिणीला हसू आवरेना. मलाही आवरेना. मग हसता हसता मी स्टोअररूममध्ये जाऊन बसले.

रविवारी मळवलीला गेले. बंगल्यावर पाहुणे होते, भाऊ तिकडे होते. मावशी घरात भाताच्या कणगीला टेकून बसली होती. तिला झोपता येत नव्हतं, दिवसरात्र तशीच बसून असायची. शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं उभं होतं आणि त्याच्यावर तिने ओला टॉवेल वाळत घातला होता.

"आलीस? वाळलीस गं. तितं जेवन देत न्हाईत का?"

"देतात."

"रिपोट आनलास?"

मी तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि सांगितलं. गाठीतला डीएनए वाचता आला नाही, त्यामुळे गोळी द्यायची की नाही हे ठरवता येत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. ती शाळेत गेलेली नाही, पण माणूस काय गाळतंय हे तिला नेहमी कळतं.

"लय दीस ऱ्हायलं म्हनून का?"

मी नळकांड्यावरचा टॉवेल सरळ करायला लागले.

"सांग की. मला फसवून तुला काय मिळनार हाय?"

"व्हय," मी म्हटलं.

तिने श्वास घेतला. तिला एकेक श्वास दोनदा घ्यावा लागत होता. "तरी मला वाटलंच. त्यो तितला पोऱ्या बरनी देताना घाई करत व्हता, तवाच. पन आमच्या दोगांच्या वाटनीचं वाकनं ऱ्हाऊन गेलं आसतं तर पुडच्या सालाला आमच्या बांदावर कोन उभं ऱ्हायलं आसतं? म्याच म्हनलं, आदी फेडा." मग तिने माझं मनगट धरलं. हात थंडगार होता. "त्यास्नी सांगू नगंस. तुला आन हाय माजी. म्या गेल्यावर त्यो मानूस त्या आढ्याकडं बगत बसंल."

"मावशी, खोटं बोलू?"

"खोटं कोन बोल म्हनतंय? बोलूच नगंस."

मी हो म्हटलं. तिने मनगट सोडलं आणि विचारलं, "लगीन कवा करतीस?" मी म्हटलं, "सावडीला माणूस मिळाला की." ती हसली, हसण्याने खोकला आला, आणि तो थांबायला फार वेळ लागला.

बांध ओलांडून घरी आले. आई भांडी घासत होती. "काय सांगितलंस तिला?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, आण घातल्याचंही. पातेलं घासून झालं होतं तरी आई ते घासत राहिली.

पुन्हा सुई घालायला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यानेही नकार दिला. रक्तातूनही तो बदल शोधता येतो. मी रक्त पाठवायला लावलं. रक्तात सापडला तर आहे म्हणता येतं. नाही सापडला तर काहीच म्हणता येत नाही, कारण कधीकधी गाठ रक्तात काही सोडतच नाही. सापडला नाही. केमोचा एक डोस दिला, त्यानंतर तिला उठताच येईना, दुसरा कुणी सुचवलाही नाही. भात पोटरीत आलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, तेव्हा ती गेली. ज्या घरांची सावड तिने फेडायला लावली होती त्या सगळ्या घरांतली माणसं आली होती. त्यांनीच लाकडं आणली, त्यांनीच सगळं केलं, भाऊंना कशालाही हात लावू दिला नाही. माझ्या मनात आलेला विचार मी इथे लिहिते, कारण तो खरा आहे: एवढी माणसं, आणि त्यांतल्या एकाला बरणी घेऊन एकदा बेगडेवाडीपर्यंत पाठवता आलं असतं. कुणीही गेलं असतं. कुणाला ते सुचलं नाही, कारण तिचं दुखणं हे तिच्या घरचं काम होतं, आणि सावड फक्त शेताची असते.

दहाव्यानंतर मी भाऊंना भेटायला बंगल्यावर गेले. ते हौदातला पाला जाळीने काढत होते. मालकाने चार दिवसांच्या वर सुट्टी दिली नव्हती, शनिवार होता आणि गाड्या यायच्या होत्या. मी कठड्यावर बसले. बराच वेळ ते पाला काढत राहिले. मग जाळी न थांबवता म्हणाले,

"पोरी, तुला एक इचारायचं व्हतं."

"विचारा की, भाऊ."

"ते गोळीचं. तिच्या गाठीत ते व्हतं का न्हवतं?"

मला माहीत होतं की ते हेच विचारणार. येताना सगळ्या वाटेवर मी त्याचं उत्तर जुळवत होते. 'नव्हतं' म्हटलं असतं तर त्या माणसाला झोप लागली असती. नव्हतंच मुळी, गोळी मिळालीच नसती, कुणाचंच काही चुकलं नाही. एक शब्द होता. तो तीन वेळा लावून पाहिलेल्या मशीनमधून आला नव्हता, रक्तातून आला नव्हता, कुठूनच आला नव्हता.

"माहीत नाही, भाऊ."

त्यांनी जाळी वर उचलली. तिच्यातून पाणी गळत राहिलं. "तू एवडी शिकलीस. तितंच कामाला हायस. आन तुलाबी म्हाईत न्हाई?"

"नाही. कुणालाच माहीत नाही."

"आता कदी कळंल?"

"आता नाही कळणार."

ते हौदाकडे बघत उभे राहिले. मला वाटलं आणखी काही विचारतील. का कळलं नाही, एवढंच जरी विचारलं असतं, तरी मावशीची आण मला पाळता आली असती की नाही, हे मी सांगू शकत नाही. तेवढ्यात गेटबाहेर हॉर्न वाजला, एकदा, मग लांबवर दाबून. भाऊंनी जाळी भिंतीला टेकवली, हात शर्टाला पुसले आणि ते गेट उघडायला गेले.